दोह्याहून पहाटे टी-२वर उतरून थेट मांडव्याची बोट: गणपतीसाठी सल्ला हवा

सुरंगी_दोहा
नमस्कार मंडळी. यंदा गणपती १४ सप्टेंबरला, सोमवारी. आम्ही शनिवारी १२ तारखेला पहाटे साडेचारला मुंबई विमानतळाच्या टी-२ टर्मिनलवर उतरतोय. मी, नवरा, दोन मुलं (९ आणि ५ वर्षं) आणि सासूबाई, वय ७४. चार मोठ्या बॅगा, शिवाय हातातल्या. घर अलिबाग शहरातच आहे.
सासूबाईंना वडखळच्या रस्त्यावर गाडी लागते, कंबरही दुखते. म्हणून समुद्रमार्गेच, मांडव्याला उतरून जायचं हे घरात ठरलंय. भाऊच्या धक्क्यावरून रो-रो (गाड्याही नेणारी मोठी बोट) धरावी की गेटवेवरून कॅटामरान (फक्त प्रवाशांची बोट)? आणि साडेचारचं विमान धरून किती वाजताची बोट गाठता येईल? विमानतळ ते घर सगळं मिळून पाच हजारांत बसवायचंय. रस्त्याचे पर्याय कृपया सुचवू नका.

घाटावरचा_पाहुणा
ताई, बोटीच्या भानगडीत पडूच नका. अटल सेतू झाल्यापासून आम्ही बोट पूर्ण सोडली. विमानतळावरून इनोव्हा करायची, शिवडीला सेतूवर चढायचं, साडेसोळा किलोमीटर पाण्यावरून गाडी नुसती तरंगते. मागच्या दिवाळीत नागावला नाश्त्याला पोचलो होतो. सामान एकदा डिकीत टाकलं की घरीच काढायचं.

रेवसकर
सेतू उत्तम आहे, पण तो चिर्ल्याला सोडतो. पुढे पेण, वडखळ, पोयनाड, कार्लेखिंड हे सगळं तसंच आहे. आणि १२ तारीख म्हणजे गणपतीच्या आधीचा शनिवार. अख्खं कोकण त्या दिवशी मुंबई-गोवा महामार्गावर असतं, वडखळला अलिबागचा फाटा येईपर्यंत त्याच रांगेत उभं राहायचं. त्यांनी रस्ता नको म्हणून स्पष्ट लिहिलंय, कारणही दिलंय.

माझगावची_मीरा
रो-रो, रो-रो, रो-रो! मार्च २०२०मध्ये सुरू झाली तेव्हापासून आमच्या घरात दुसरा विषय नाही. ग्रीसमध्ये बांधलेलं जहाज, दीडशेच्या आसपास गाड्या पोटात घेतं, वर एसीत बसा नाहीतर डेकवर उभे राहा. तासाभरात मांडवा. लहान बोटीसारखं हेलकावत नाही, आमच्या बाबांना बायपासनंतर त्यातूनच नेलं. पावसाळ्यातही चालते. तुमची गाडी घेऊन थेट आत शिरायचं, मांडव्याला थेट बाहेर. सामान गाडीतून काढायलाच नको!

सुरंगी_दोहा
मीराताई, धन्यवाद. पण आमच्याकडे गाडी नाहीये, विमानानं येतोय. गाडीशिवाय घेतात ना?

माझगावची_मीरा
घेतात की. पायी प्रवाशांचं वेगळं तिकीट असतं. पण खरं सांगू का, गाडी घेऊन जाण्यातच रो-रोची मजा. ड्रायव्हरसह भाड्याची गाडी ठरवा आणि ती बोटीवर चढवा.

नाना_गिरगाव
रो-रोला अनुमोदन. पण बुकिंग विशिष्ट वेळेचं असतं, गणपतीत आठवडा आधीच भरतं. आमचा भाचा लंडनहून आला, विमान वेळेत, बॅगांचा पट्टा मात्र सव्वा तास हललाच नाही. विमान कंपनीचं नाव घेत नाही. धक्क्यावर पोचला तर बोटीचं दार वर उचललेलं. पैसे गेलेच, पुढच्या फेरीत जागाही नव्हती. दुपारपर्यंत तिथे बसून होता, सगळ्या सामानासकट, मासळीच्या वासात.

प्रभू_आळी
मासळीचा वास येणारच, तो मासेमारीचा धक्का आहे. भाऊ अजिंक्य यांनी बांधला म्हणून भाऊचा धक्का. आमच्या पाठारे प्रभू समाजातले. हल्ली सगळे 'फेरी वॉर्फ' म्हणतात याचं वाईट वाटतं.

घाटावरचा_पाहुणा
नाव काहीही असो, पहाटे तिथे मासळीच्या ट्रकांमधून टॅक्सी काढायला अर्धा तास जातो. सेतूवर तो प्रश्नच नाही.

विश्वभ्रमंती
आपल्याकडे अजून विमानतळ आणि बंदर जोडायची कल्पनाच नाही. हाँगकाँगला आम्ही विमानतळावरच्या स्कायपियरवरून मकावला गेलो. हाँगकाँगच्या इमिग्रेशनमधून बाहेरसुद्धा पडावं लागत नाही, बॅगेचा टॅग काउंटरवर दाखवायचा, बॅग परस्पर बोटीवर. अथेन्सला तर मेट्रो विमानतळावरून थेट पिरेयस बंदरापर्यंत जाते, २०२२पासून. आम्ही उतरल्यापासून दोन तासांत नॅक्सॉसच्या बोटीत. मुंबईला ते शक्य नाही, तेव्हा एक रात्र विमानतळाजवळच्या हॉटेलात काढा आणि रविवारी निघा. चांगलं पंचतारांकित घ्या, लहान मुलं आहेत.

रेवसकर
रविवारी, गणपतीच्या आदल्या दिवशी सुनेनं घरी पोचायचं? मूर्ती कोण आणणार?

विश्वभ्रमंती
मी सुरक्षिततेच्या दृष्टीनं लिहिलं. आंतरराष्ट्रीय विमानाला त्याच सकाळची बोट जोडू नये हे जगभर पाळतात. ग्रीसमध्येही दिवसाची शेवटची बोट धरू नका म्हणतात, कारण ती चुकली की संपलं. पहिली किंवा मधली धरा, मागे अजून दोन-चार असल्या पाहिजेत.

ठाण्याची_वैद्य
हा शेवटचा मुद्दा लाख मोलाचा आहे. सुरंगी, किती वाजताची बोट यापेक्षा ती चुकली तर मागे किती आहेत ते बघ.
इमिग्रेशनबद्दल: फास्ट ट्रॅक इमिग्रेशनचा ट्रस्टेड ट्रॅव्हलर प्रोग्राम जानेवारी २०२५पासून मुंबईतही आहे. भारतीय पासपोर्ट किंवा ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्ड असलेल्यांना, शुल्क नाही. आधी ऑनलाइन अर्ज, मग बोटांचे ठसे द्यायचे, की ई-गेटमधून सुटका. पण लहान मुलांची नोंदणी होत नाही, म्हणजे तुम्हा दोघांपैकी एकाला मुलांबरोबर नेहमीच्या रांगेत राहावंच लागेल. त्यापेक्षा सासूबाईंसाठी व्हीलचेअर तिकिटातच नोंदवून ठेव. विमानाच्या दारात माणूस येतो, बहुतेक वेळा घरच्यांनाही त्याच रांगेतून नेतो.
बोट लागू नये म्हणून गोळी द्यायची असेल तर त्यांच्या डॉक्टरांना विचारून, आणि बोटीत चढायच्या बरीच आधी. चढल्यावर घेऊन उपयोग नाही. रिकाम्या पोटीही नेऊ नको, थोडं कोरडं खायला दे.

कफ_परेड_कट्टा
मेट्रो तीन विसरलात सगळे. टी-२खालीच स्टेशन आहे, तिथून हुतात्मा चौक एका दमात, भुयारातून, ना सिग्नल ना गर्दी. पहिली गाडी सहाच्या सुमारास असते, तोपर्यंत तुम्ही बाहेर येतच असाल. हुतात्मा चौकातून गेटवे टॅक्सीनं पाच मिनिटं. मी ऑफिसच्या प्रत्येक दौऱ्याहून असाच येतो. खर्च नगण्य.

नाना_गिरगाव
चार मोठ्या बॅगा, पाच वर्षांचं मूल आणि चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाई घेऊन? तुम्ही लॅपटॉपची पिशवी घेऊन येता. पहाटे वेस्टर्न एक्स्प्रेसवरून सी लिंक, पुढे कोस्टल रोड, मरीन ड्राइव्ह. टॅक्सीला त्या वेळी काही लागत नाही.

कफ_परेड_कट्टा
लिफ्ट आहेत प्रत्येक स्टेशनला.

जुहूकर_९९
सरळ गेटवेवरून स्पीडबोट करा. वीस-पंचवीस मिनिटांत मांडवा. आम्ही दोन कुटुंबं मिळून केली होती, मुलं अजून आठवण काढतात. गणपती वर्षातून एकदाच येतो, पैशाचं काय एवढं.

सुरंगी_दोहा
जुहूकर, आमचं बजेट पाच हजार आहे. वर लिहिलंय.
गेटवेच्या कॅटामरानबद्दल अजून कोणीच बोललं नाही. सप्टेंबरमध्ये चालू असतात का?

माझगावची_मीरा
नसतात. पावसाळ्यात गेटवे-मांडवा बंद असते. म्हणून तर रो-रो.

रेवसकर
मीराताई, जून ते ऑगस्ट बंद. साधारण सप्टेंबर उजाडला की सुरू होतात, हवामान बघून. लाल बावटा लागला तर रो-रोसुद्धा थांबते, त्या बाबतीत दोन्ही सारख्याच.
सुरंगीताई, आता जरा सविस्तर लिहितो. गेटवेवरून तीन-चार कंपन्यांच्या बोटी मांडव्याला जातात. काउंटरवर पुढच्या बोटीचं तिकीट मिळतं. एक गेली तर तासाभरात दुसरी, तुमच्या विमानाला हे जास्त मानवेल. बहुतेकांच्या तिकिटात मांडवा-अलिबाग बसचं भाडंही धरलेलं असतं. तुमचं घर शहरातच आहे म्हणता, म्हणजे बस चोंढीवरून थेट तुमच्या गावात. रो-रोनं पायी उतरलात तर पुढच्या वीसेक किलोमीटरला मिनीडोर (मोठी सहा आसनी रिक्षा) किंवा रिक्षा शोधायची, बॅगांसकट दोन लागतील.
आता भरतीचं. अमावस्या ११ सप्टेंबरला आहे, म्हणजे १२ला उधाण. मुंबईत अमावस्या-पौर्णिमेला पाणी दुपारी बाराच्या सुमारास भरतं आणि सकाळी सहा-सातला पार खाली गेलेलं असतं. गेटवेला बोट दगडी पायऱ्यांना लागते. ओहोटीत खालच्या पायऱ्या उघड्या पडतात, त्यांवर हिरवं शेवाळ असतं आणि बोट टायरवर आपटत वर-खाली होते. खलाशी दंडाला धरून घेतो, पण पाय टाकायचा क्षण आपल्यालाच साधावा लागतो. पाणी चढलं की बोट वरच्या, कोरड्या पायऱ्यांशी येते आणि म्हातारं माणूसही सहज आत जातं. म्हणून सातची धरू नका. दहाच्या पुढची धरा.

ठाण्याची_वैद्य
रेवसकरकाका, हे कुठल्याच वेबसाइटवर लिहिलेलं नसतं. वाचून ठेवलं.

जुहूकर_९९
गेटवेला जपून. डिसेंबर २०२४ला घारापुरीच्या नीलकमल बोटीला नौदलाच्या स्पीडबोटीनं धडक दिली, किती माणसं गेली. मी तर तेव्हापासून लाइफ जॅकेट घातल्याशिवाय बसतच नाही.

रेवसकर
बरोबर करता. त्यानंतर जॅकेट सक्तीचं झालं, पण लहान मुलांच्या मापाचं मागून घ्यावं लागतं. पाच वर्षांच्या मुलाला मोठ्यांचं घातलं तर पाण्यात ते डोक्यावरून निघतं. चढतानाच मागा. पट्टे तुम्ही स्वतः आवळा.

प्रभू_आळी
गेटवेच्या बाजूची, रेडिओ क्लबजवळची नवी जेट्टी झाली की पायऱ्यांचा प्रश्न सुटेल.

कफ_परेड_कट्टा
सुटेल कसला, कुलाब्याच्या रस्त्यांवर अजून गाड्या येतील. आम्ही राहतो तिथे, आम्हाला विचारा.

प्रभू_आळी
रोज हजारो माणसं ओल्या पायऱ्यांवरून चढतात त्यांचंही कोणी विचारा. तुमची गाडी दहा मिनिटं थांबली तर चालेल, कोणाची आजी घसरलेली चालणार नाही.

घाटावरचा_पाहुणा
मी पुन्हा सांगतो, एवढं सगळं वाचूनसुद्धा सेतू सोपा आहे.

नाना_गिरगाव
सामानाचं काय ते ठरवा आधी. कॅटामरानवर मोठ्या बॅगांना जागा कमी, हमाल जास्त पैसे मागतात, आणि मांडव्याच्या जेट्टीवरून बसपर्यंत बरंच चालावं लागतं. चार बॅगा घेऊन गेटवे म्हणजे त्रास. त्यापेक्षा दुपारची रो-रो बुक करा. विमान तीन तास लेट झालं तरी मिळेल.

माझगावची_मीरा
नानांना अनुमोदन. दुपारची रो-रो.

ठाण्याची_वैद्य
माझंही मत दुपारच्या रो-रोला. भरतीची भीती नाही, रॅम्पवरून व्हीलचेअर जाते.

सुरंगी_दोहा
सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री जेवताना घरात धागा मोठ्यानं वाचून दाखवला. आमचं असं ठरलंय.
दादरला माझी मावशी राहते. विमानतळावरून टॅक्सीनं आधी तिच्याकडे. आंघोळी, चहा, सासूबाईंचं पाठ टेकणं. चारपैकी तीन बॅगा तिथेच ठेवायच्या, त्यात बहुतेक आमचेच कपडे आहेत. गौरीच्या साड्या आणि पूजेचं सामान चौथ्या बॅगेत भरून घेतेय. उरलेल्या बॅगा दीर विसर्जनानंतर येऊन नेतील. मग नऊच्या पुढे निघून गेटवे, दहाच्या पुढची जी मिळेल ती कॅटामरान, आणि तिकिटातल्या बसनं अलिबाग. टॅक्सी दोनदा धरूनही पाच हजारांच्या आत बसतंय.
रो-रोचं बुकिंग करत नाही. विमान उशिरा आलं तर वेळेच्या तिकिटाची धाकधूक मला नकोय.

माझगावची_मीरा
अगं, सगळे रो-रो सांगतायत आणि तू पायऱ्या निवडतेस? सासूबाईंचा तरी विचार कर.

सुरंगी_दोहा
मीराताई, हे त्यांनीच ठरवलंय. त्या मूळच्या थळच्या. लग्नाआधी वडिलांबरोबर रेवसच्या लाँचनं भाऊच्या धक्क्याला यायच्या, तेव्हा तर फळीवरून चढायचं. भरतीचं वाचल्यावर म्हणाल्या, "हे मला ठाऊक होतं, तुम्ही विचारलंत कधी?" कंबर दुखते ती गाडीत बसून, उभं राहून नाही.
व्हीलचेअर विमानापुरती नोंदवली आहे. धाकट्याचं जॅकेट दोह्यातूनच त्याच्या मापाचं आणतेय, पोहण्याच्या क्लासचं आहे.

रेवसकर
स्वतःचं आणताय ते उत्तम, पण खलाशी त्यांचंच घालायला सांगेल. शिट्टी आणि पट्टे असलेलं, बोटीवर चालणारं आहे का बघा. नुसतं फोमचं पोहायचं असेल तर बोटीवरचं लहान मापाचंच घाला.
आणि शुक्रवारी रात्री दिरांना फोन करून बोटी चालू आहेत का विचारा. वारा सुटला असेल तर मांडव्याला आदल्या दिवशीच कळतं.

सुरंगी_दोहा
हो काका, करते. शनिवारी सकाळी गेटवेच्या आसपास कोणी असेल तर आठच्या सुमारास इथे दोन ओळी टाकाल का, बोटी सुटतायत की नाही? मावशीकडून निघायच्या आधी बघेन.

कफ_परेड_कट्टा
मी शनिवारी सकाळी तिकडेच चालायला जातो. काउंटरवर विचारून लिहितो.