नवा संगणक जोडला, पण चालेना! दोषी पार्ट कसा सापडला? (अनुभव धागा)

जुनाकीबोर्ड

काल रात्री भाचीचा नाशिकहून फोन. "मामा, सगळं जोडलंय, पंखे फिरतात, दिवे लागतात, पण स्क्रीनवर काहीच येत नाही." डिझाइनच्या कोर्ससाठी पैसे साठवून साठवून पोरीने एकेक पार्ट घेतलाय. आवाज अगदी रडवेला झाला होता. तिच्याशी बोलताना मला २००४ मधला माझा पहिला असेंबल्ड पीसी आठवला.

पार्ट मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणले होते. मशीन सुरू व्हायचं, पण विंडोज एक्सपी टाकताना मध्येच 'फाइल कॉपी होत नाही' असा संदेश यायचा आणि दर वेळी फाइल वेगळी. आधी सगळ्यांनी सीडीवर बोट ठेवलं, मग सीडी ड्राइव्हवर, मग हार्ड डिस्कवर. शेवटी ऑफिसातल्या एका सिनियरने विचारलं, "सीडी खराब असती तर त्याच फाइलपाशी अडली असती ना?" त्यांनीच मेमटेस्टची, म्हणजे रॅम तपासणाऱ्या प्रोग्रॅमची, फ्लॉपी दिली. रात्री लावून ठेवली. सकाळी बघतो तर स्क्रीनभर लाल ओळी! रॅमच्या एका छोट्या पट्ट्यात बिट चुकत होता. सीडीवरची फाइल आधी रॅममध्ये येणार, तिथे बिघडणार आणि सेटअप म्हणणार फाइलच खराब आहे. जी फाइल त्या पट्ट्यात पडेल ती बळी. चुकणारे पत्ते कागदावर उतरवून दुकानात नेले. दुकानदाराने स्वतःच्या मशीनवर रॅमची तीच स्टिक लावून पाहिली आणि बदलून दिली.

तेव्हापासून माझं ठाम मत आहे, नवा पार्ट म्हणजे चांगला पार्ट असं धरून चालू नये. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या आणि मशीन चालू झालं, तर कशामुळे झालं ते कळत नाही.

तुमच्याकडे कोण दोषी निघालं आणि कसं पकडलंत, लिहा. भाचीसाठी काही सुचलं तर तेही सांगा. रायझन ७००० मालिकेतला प्रोसेसर, डीडीआर५ रॅमच्या दोन स्टिक, ग्राफिक्स कार्ड अजून घेतलेलं नाही.

सदाफुली

डीडीआर५ आहे ना, मग आधी नुसतं थांबायला सांगा!! पहिल्यांदा सुरू होताना मदरबोर्ड रॅमचं ट्रेनिंग करतो, म्हणजे रॅमशी वेग जुळवून घेतो, तेवढा वेळ स्क्रीन काळीच राहते. काही मिनिटं जातात, रॅम जास्त असेल तर आणखी. बहुतेक जण घाबरून मध्येच बटण दाबतात आणि ते परत पहिल्यापासून सुरू. चहा ठेवा, पिऊन घ्या, मग बघा.

पक्कड_पाना

साताऱ्यात रिपेअरिंगचं दुकान आहे, गिऱ्हाईक समोर बसलंय म्हणून थोडक्यात. बऱ्याच बोर्डांवर कडेला चार बारीक दिवे असतात, सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (डिस्प्ले), बूट (डिस्क). कोणता लागून राहतो ते विचारा. अर्धं निदान तिथेच होतं.

नाही कळलं तर बोर्ड कॅबिनेटच्या बाहेर काढून त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवायचा. प्रोसेसर, कूलर, एक रॅम, पॉवर सप्लाय. बस्स. एसएसडीसुद्धा नको. पॉवर बटणाच्या दोन पिना स्क्रू ड्रायव्हरने क्षणभर टेकवल्या की सुरू होतं. बाहेर चाललं आणि आत नाही, तर कुठेतरी पत्र्याला शॉर्ट आहे. जादा पितळी स्टँडऑफ (बोर्ड ज्यावर टेकतो तो खुंट) बोर्डाखाली राहिलेला मी कितीदा तरी काढलाय.

वैनगंगा

खोडरबराची आठवण कोणीच कशी काढली नाही अजून :) रॅमच्या सोनेरी पट्ट्या घासल्या नाहीत असा आमच्या हॉस्टेलला एकही मुलगा नव्हता.

पक्कड_पाना

@वैनगंगा जुन्या स्टिकला अजूनही घासतो, काळपट थर जातो. नव्याला गरज नाही.

अमृता_ठाणे

माझा किस्सा केबलचा. नवीन मशीन, नवीन हार्ड डिस्क, आणि मोठी फाइल कॉपी करताना मध्येच पाच-दहा सेकंद सगळं गोठायचं. सगळे म्हणाले डिस्क गेली, बदलून घे. पण स्मार्ट रिपोर्टमध्ये, म्हणजे डिस्क स्वतःच ठेवते त्या तब्येतीच्या नोंदीत, खराब सेक्टर शून्य आणि सी७ नावाचा आकडा मात्र चढत चाललेला. सी७ म्हणजे डिस्क आणि बोर्ड यांच्यातल्या वाटेत डेटा बिघडतोय. साटा केबल बदलली, त्या क्षणापासून आकडा जागचा हलला नाही. तो पुन्हा शून्यावर येत नाही बरं का, वाढणं थांबलं की समजायचं. शंभर रुपयांच्या केबलपायी चांगली डिस्क परत गेली असती!

आले, कुकरची शिट्टी झाली.

गणितवेडा

निवृत्त शिक्षक आहे, मशीन जोडणं माझा प्रांत नाही, पण हा धागा वाचून एक गोष्ट सांगावीशी वाटते. १९९४ साली अमेरिकेत व्हर्जिनियातल्या लिंचबर्ग कॉलेजात थॉमस नाइसली नावाचे गणिताचे प्राध्यापक जुळ्या मूळसंख्यांच्या (ज्यांच्यात दोनचाच फरक असतो अशा मूळसंख्यांच्या) व्यस्तांची बेरीज काढत होते. अनेक संगणक एकाच कामाला लावलेले, त्यात पेंटियमवाला नवा आणला आणि उत्तरं जुळेनात. त्यांनी आधी स्वतःचा प्रोग्रॅम तपासला, मग बोर्ड, एकेक शक्यता बाजूला काढत काढत कित्येक महिन्यांनी प्रोसेसरपर्यंत पोहोचले. ४१९५८३५ भागिले ३१४५७२७ याचं उत्तर १.३३३८२ यायला हवं, तो पेंटियम १.३३३७३ द्यायचा! भागाकाराच्या तक्त्यातल्या काही नोंदी चिपवर उतरल्याच नव्हत्या. इंटेलला पुढे प्रोसेसर बदलून द्यावे लागले, त्यासाठी ४७.५ कोटी डॉलर बाजूला काढावे लागले.

एकट्या माणसाने, हातात फक्त गणित आणि चिकाटी असताना हे शोधलं. मी वर्गात दरवर्षी सांगायचो.

सदाफुली

सर, अंगावर काटा आला. मुलीला वाचून दाखवते.

दर्यावर्दी

रत्नागिरी. आमच्याकडे सप्लाय. गेम सुरू केला की मशीन फट्कन बंद, निळी स्क्रीन नाही काही नाही. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, कर्नल-पॉवर ४१ दिसायचं आणि लोक म्हणायचे बघ, सप्लायच. पण ४१ एवढंच सांगतं की मशीन नीट शटडाउन न होता बंद पडलं. कशामुळे ते सांगत नाही. लाइट गेली तरी हीच नोंद होते.

मग मल्टिमीटर घेतला. नुसतं चालू असताना १२ व्होल्टच्या तारेवर बरोबर १२. लोड टाकला की ११.४ च्या खाली. पाच टक्क्यांपर्यंतच सूट असते, म्हणजे ११.४ ते १२.६. शेजारच्या मुलाचा सप्लाय उसना आणून लावला आणि मशीन दिवसभर गेमवर चाललं.

सप्लायच्या मोठ्या प्लगमधली हिरवी तार काळीला जोडून सप्लाय तपासतात ना, त्यावर विसंबू नका कोणी. पंखा फिरला म्हणजे सप्लाय उठतोय एवढंच, ओझं पेलतोय की नाही ते कळत नाही.

माहेरची_ओढ

@दर्यावर्दी तुमच्याकडे अर्थिंग नीट आहे का हो? आमच्या देवगडच्या घरी कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या यायच्या. सप्लायचा काही दोष नव्हता, भिंतीतल्या सॉकेटला अर्थची तारच जोडलेली नव्हती.

दर्यावर्दी

@माहेरची_ओढ आहे. वडिलांनी कोळसा-मीठ घालून खड्डा केलाय मागच्या पडवीजवळ. मे महिन्यात त्यात पाणी ओतायचं काम माझं.

माहेरची_ओढ

आमच्याकडे तेच काम आजीचं होतं, जास्वंदीला घालताना तिथेही एक तांब्या :)

निळी_शाई

आमचा पीसी दर दोन मिनिटांनी आपोआप रीस्टार्ट. रॅम तपासली, तापमान तपासलं, सगळं ठीक. मग नवऱ्याने कॅबिनेटच्या पुढच्या बटणांच्या वायरी बोर्डावरून काढून टाकल्या. रीस्टार्ट बंद! रीसेटचं बटण आत अडकून राहायचं. कॅबिनेट हाही पार्टच आहे, त्याच्यावर कोणी संशयच घेत नाही.

राइनकाठ

जर्मनीतून. इथे ऑनलाइन घेतलेली वस्तू १४ दिवसांत कारण न देता परत करता येते, त्यामुळे संशय आला की लोक दुसरी मागवून लावून बघतात. भावाने पुण्यात मशीन जोडलं तेव्हा प्रत्येक पार्टचं सर्व्हिस सेंटर वेगळं, आणि जो तो म्हणे आमचा पार्ट ठीक आहे. फार जीव जातो हो त्यात. म्हणून भाचीला सांगा, नेण्याआधी पुरावा गोळा कर. स्क्रीनचे फोटो, व्हिडिओ, कोणती स्टिक कुठल्या स्लॉटमध्ये काय करते ते लिहून.

हिरवळ

ग्राफिक्स कार्ड नाही म्हणताय, मग डिस्प्ले येणार कसा??

सदाफुली

@हिरवळ रायझन ७००० मध्ये बहुतेकांत साधा डिस्प्ले आतच असतो. नावाशेवटी एफ असेल तर नाही. इंटेलचंही तसंच. ५६०० सारख्या जुन्या रायझनला मात्र कार्ड लागतंच, ५६००जी ला नाही.

जुनाकीबोर्ड

सगळ्यांचे आभार! भाचीने धागा वाचला. एफ नाहीये. भरपूर वेळ थांबून पाहिलं, डीरॅमचा दिवा लागूनच. मग एक स्टिक काढली. प्रोसेसरपासून दुसऱ्या स्लॉटमध्ये एकटी लावली तर डिस्प्ले आला!! दुसरी स्टिक त्याच जागी लावली, तीही चालली. चौथ्या स्लॉटमध्ये मात्र दोन्हींपैकी एकही चालत नाही.

पक्कड_पाना

म्हणजे रॅम निर्दोष सुटली. बोर्ड किंवा सॉकेट. कूलर आणि प्रोसेसर हलक्या हाताने काढून सॉकेटच्या पिनांवर तिरका टॉर्च मारून बघायला सांगा. एखादी वाकलेली असली तर एक अख्खा चॅनेल, म्हणजे प्रोसेसर ते रॅमच्या काही स्लॉटची वाट, जातो. सरळ असतील तर लगेच जवळून स्पष्ट फोटो काढून ठेवा आणि प्लॅस्टिकचं झाकण लावूनच बोर्ड द्या. वाकलेली पिन दिसली की वॉरंटी नाकारतात, तेव्हा तुमच्या हातून जाताना सरळ होती हे दाखवता आलं पाहिजे. कूलर परत बसवताना जुनी पेस्ट पुसून नवी लावा.

वैनगंगा

एकच प्रश्न, प्रोसेसरमधला मेमरी कंट्रोलर (रॅम सांभाळणारा भाग) गेला असेल तरी असंच होईल ना?

पक्कड_पाना

@वैनगंगा होय. कमी वेळा, पण होतं. दुकानात दुसऱ्या बोर्डावर हाच प्रोसेसर लावून दोन्ही स्टिक चालल्या की संशय संपला.

जुनाकीबोर्ड

तसंच केलं. पिना सरळ. फोटो काढले. दुकानदाराने दुसऱ्या बोर्डावर तिचाच प्रोसेसर आणि दोन्ही स्टिक लावून दाखवल्या, चालल्या. बोर्ड बदलून मिळाला. पोरीने सगळं स्वतः तपासलं, मी फक्त फोनवर होतो. फार अभिमान वाटतोय तिचा.

अमृता_ठाणे

अरे वा!! शाब्बास म्हणा तिला माझ्याकडून.

गणितवेडा

नाइसलींच्या वाटेवरची विद्यार्थिनी. आशीर्वाद.

हिरवळ

मी पण पुढच्या महिन्यात जोडणार आहे, सेकंडहँड बी४५० बोर्ड मिळतोय, त्यावर ५६०० टाकणार. काही बघायला हवं का?

सदाफुली

@हिरवळ बायोस, म्हणजे बोर्डातला मशीन सुरू करणारा प्रोग्रॅम!! बी४५० हा २०१८ चा चिपसेट, ५६०० आला २०२२ मध्ये. बायोस जुना असेल तर पंखे फिरतील आणि डिस्प्ले येणार नाही, आणि तुम्ही चांगला प्रोसेसर खराब समजून परत कराल. विकणाऱ्याकडूनच अपडेट करून घ्या. किंवा बोर्डाला फ्लॅशबॅकचं, म्हणजे बायोस थेट पेनड्राइव्हवरून टाकायचं, बटण आहे का बघा, मग एफएटी३२ फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवरून प्रोसेसरशिवायही होतं.

हिरवळ

धन्यवाद ताई. आणि मेमटेस्ट चालू असताना लाइट गेली तर? आमच्याकडे संध्याकाळी हमखास जाते.

सदाफुली

मेमटेस्टला काही होत नाही, आली की परत लावा. निदान एक पूर्ण फेरी होऊ द्या, रात्रभर चालला तर उत्तमच. बायोस अपडेट मात्र यूपीएसवरच.