कुंडीखालचे करडे किडे स्वतःचीच विष्ठा खातात. डबा साफ करणं चुकलं का?

जास्वंद_गच्ची:
नमस्कार मंडळी. मी कोल्हापूरची, गच्चीवर चाळीसेक कुंड्या आहेत. जुलैत जास्वंदीची कुंडी सरकवली तर बुडाखाली हे किडे. निळसर करडे, अंगावर भस्म फासल्यासारखे, पायांच्या सात जोड्या (भिंगाखाली मोजल्या). डिवचलं तर गोळी होत नाहीत, सुसाट पळतात. पाचवीतला मुलगा हटून बसला म्हणून बारा जण श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात ठेवले. तळाला ओली माती, वर आंब्याची वाळकी पानं, झाकणाला दाभणाने भोकं.

पानांच्या नुसत्या शिरा उरतात, बघत राहावं असं काम आहे! मी दर रविवारी त्यांच्या विष्ठेच्या काळ्या चौकोनी कांड्या ब्रशने झाडून टाकत होते. परवा मुलाने दाखवलं की ते त्या कांड्याच खातात. दोन मेले आहेत, त्यामुळे जीवाला लागलंय. पान खरं म्हणजे पोटातले जिवाणू पचवतात असं वाचलं. मग मी त्यांचे जिवाणूच फेकून देत होते का? एका मादीच्या पोटाखाली पिवळट पिशवी दिसते आहे, म्हणून उत्तराची घाई आहे. पिल्लांना जिवाणू आईकडून मिळतात का?

प्रयोगवही:
ताई, मी तीस वर्षं कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं. वर्णनावरून पोर्सेलिओनायडिस प्रुइनोसस या जातीचा वाटतो. मुलाला आधी हे सांगा की हा कीटक नाही, खेकडा-कोळंबीच्या कुळातला जमिनीवर आलेला जीव आहे. पोटाखालच्या पातळ पत्र्यांनी श्वास घेतो, म्हणून ओल तुटली की मरतो. तुमचे दोन बहुधा त्यानेच गेले. साफ करताना डबा किती वेळ उघडा असायचा?

कांड्या मात्र काढू नका. पान एका फेरीत पुरतं पचत नाही. बाहेर पडलेल्या कांडीवर बुरशी आणि जिवाणू वाढतात, ती मऊ होते आणि दुसऱ्या खेपेला जास्त पोषण देते. शिवाय यांच्या रक्तात लोहाऐवजी तांब्याचं हिमोसायनिन (प्राणवायू वाहून नेणारं प्रथिन) असतं. विष्ठा खाऊन ते तांबं परत मिळवतात असंही एक जुनं मत आहे.

आता जिवाणू. आतड्याच्या सुरुवातीला पाचकग्रंथीच्या लांब नळ्या जोडलेल्या असतात. पोर्सेलिओ स्केबर या युरोपातल्या भावंडाच्या नळ्यांमधून जर्मनीत कील इथे मार्टिन झिमर यांच्या गटाने 2004 मध्ये दोन नवे जिवाणू वर्णिले. हेपॅटोप्लाझ्मा हा पेशीभित्तिका नसलेला, मायकोप्लाझ्मा या अगदी लहान जिवाणूंच्या नात्यातला. दुसरा हेपॅटिनकोला, रिकेट्सियांच्या गणातला. स्क्रब टायफस या तापाचा जंतूही याच जिवाणू-गणातला, पण घाबरू नका, हा त्या नळ्यांचा रहिवासी. दोघेही देठासारख्या भागाने नळीच्या भिंतीला चिकटलेले असतात. माझ्या निवृत्तीच्या आसपास मी ती सूक्ष्मदर्शकाखालची चित्रं पाहिली आणि वाटलं, हेच किडे इतकी वर्षं मुलांकडून नुसते चिरून घेतले, त्या नळ्यांत काय आहे ते कधी दाखवलं नाही.

हेपॅटोप्लाझ्मा असलेले किडे निकृष्ट खाण्यावर जास्त तगले, असं त्याच गटाला 2008 मध्ये दिसलं. मात्र 'पान जिवाणूच पचवतात' हे अर्धंच खरं. फ्रान्समध्ये प्वातिए इथल्या संशोधकांनी 2018 मध्ये आर्मॅडिलिडियम व्हल्गेर या गोळी होणाऱ्या भावंडावर काम करून दाखवलं की पानातलं सेल्युलोज तोडणारी स्वतःची विकरं (एन्झाइम) किड्याकडे असतात आणि पानातल्या बाकीच्या चिवट धाग्यांसाठी जिवाणूंचा हातभार लागतो. आणि हे पाहुणे आईकडून नव्हे, परिसरातून येतात असं आढळलं. म्हणून पिल्लांसाठी जुनी माती, जुनी पानं, जुन्या कांड्या तशाच राहू द्या.

मिरकरवाडा:
सरांच्या उत्तराला जोड. रत्नागिरीला बंदरात लाकडी होड्यांच्या दुरुस्तीत आमचं घर गेलं. समुद्रात यांचाच एक भाऊबंद आहे, लिम्नोरिया, चार मिलिमीटरचा. लाकूड पोखरून भुगा करतो. त्याच्या आतड्यात जिवाणू जवळजवळ नसतातच, सेल्युलोज तोडणारं विकर तो स्वतःच बनवतो. नुसतं लाकूड खाणारा एकटा, आणि कुंडीखालचा पाचोळा खाणारा सोबत घेऊन. मला हे कळलं तेव्हा आजोबांनी डांबर लावलेल्या त्या फळ्यांकडे वेगळ्या नजरेनं बघितलं.

जास्वंद_गच्ची:
सर, डबा अर्धा तास उघडा असायचा, तोही उन्हात. चूक माझीच. तेव्हापासून फक्त पाणी शिंपडते, कांड्या तशाच ठेवल्यात, कुंडीखालची मूठभर मातीही घातली.

काल पिशवी फुटली! खसखशीएवढी पांढरी पिल्लं, सतरा मोजली. पण मुलगा म्हणतो की पायांच्या सहाच जोड्या आहेत. तीनदा मोजल्या. काही बिघडलं का?

प्रयोगवही:
काही बिघडलं नाही. पिशवीतून बाहेर येताना सहाच असतात, सातवी जोडी कात टाकल्यावर येते. मोठे कात दोन हप्त्यांत टाकतात, आधी मागचा अर्धा भाग, काही दिवसांनी पुढचा. मुलाला त्या दिवसाची तारीख वहीत लिहायला सांगा.