मदत हवी आहे: गेमपॅडवर ड्रिफ्टिंगसाठी (वळणावर गाडी आडवी घसरवत नेणं) कोणता गेम घेऊ?

मंडळी, २०१४ चा कार रेसिंग गेम असेटो कोर्सा स्टीमवर (पीसी गेम्सचं ऑनलाइन दुकान) अजून इतके लोक खेळतात की त्याच स्टुडिओचा २०१९ चा ‘असेटो कोर्सा कॉम्पेटिझिओने’ हा गेम मागे पडलेला दिसतो. कारण मॉड्स (खेळाडूंनी स्वतः बनवून गेममध्ये घातलेली भर), एवढं कळतं: टोकियोचा शुटोको एक्सप्रेसवे, ड्रिफ्टचे ट्रॅक, हव्या त्या गाड्या. ‘कॉम्पेटिझिओने’ म्हणजे जीटी रेसिंग (ट्रॅकवरच्या स्पोर्ट्स कारच्या शर्यती), तिथे गाडी आडवी झाली की शर्यत गेलीच.

पण माझ्याकडे स्टिअरिंग व्हील नाही, साधा गेमपॅड आहे. मग कारएक्स ड्रिफ्ट रेसिंग ऑनलाइन बरा पडेल का? रात्री भारतातून लॉबीत (ऑनलाइन एकत्र खेळायच्या खोलीत) माणसं सापडतात का, पिंग (सर्व्हरचा प्रतिसाद यायला लागणारा वेळ) किती येतो? (फोर्झा होरायझन ५ सुचवू नका, एसएसडीत तेवढी जागाच नाही!) असेटोमध्ये गेमपॅडवर ड्रिफ्ट जमवलेलं कुणी असेल तर सेटिंग नक्की टाका.