जुना जकुझी टब घ्यावा का? अनुभव सांगा (आणि आजीचं घंगाळ)

ओसरी:
गेल्या रविवारी गिरणाऱ्याकडच्या एका बंद पडलेल्या रिसॉर्टचं सामान विकायला काढलंय म्हणून गेलो होतो. नवऱ्याला वेताच्या खुर्च्या हव्या होत्या. मागच्या अंगणात शेवग्याखाली हा टब. पाच माणसांचा, फिकट निळा, तळाशी पावसाचं वीतभर पाणी, पाण्यात पानं आणि एक बेडूक. सहज हात घातला तर पाणी चक्क ऊन. ऑक्टोबरचं ऊनच तसं. पण त्या क्षणी मी पंचवटीतल्या वाड्यात, दिवाळीची पहाट, बंबातलं पाणी घंगाळात ओतलेलं, आणि आजी कोपर बुडवून बघतेय. ती हात नाही, कोपर बुडवायची. मग म्हणायची, "बस आता."

६५ हजार म्हणाले. इंदिरानगरात दुसऱ्या मजल्यावर राहतो, वरची गच्ची आमचीच आहे. नवरा म्हणतो खुळ लागलंय. कोणी जुना घेतलाय का? अनुभव लिहा, ज्ञान नको.

मिसळप्रेमी:
बेडूक ६५ मध्येच की वेगळा?

सातपूरचा फिटर:
ताई ज्ञान नको म्हणालात तरी देतो. गच्चीवर नको. पाच जणांच्या टबात साधारण १२०० लिटर पाणी, म्हणजे १२०० किलो. टबाचे ३०० धरा. चार माणसं बसली की आणखी २८०. झाले पावणेदोन टनांच्या वर, तेही दोन बाय दोन मीटरवर. म्हणजे चौरस मीटरला साडेचारशे किलोच्या आसपास. गच्चीचा स्लॅब साधारण १५० धरून काढतात, खोलीचा २००. बिल्डर "काही होत नाही" म्हणेल. खाली तो राहत नाही. स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा, घराचे नकाशे दाखवा.

ओसरी:
खाली सासूबाईंची खोली आहे.

मिसळप्रेमी:
मी काही बोलत नाही 🙏

द्राक्षवाली:
आम्ही घेतला होता, निफाडला मळ्यात, जमिनीवर. मुलांचा हट्ट. मुंबईच्या कुठल्याशा बंगल्यातून आला, टेम्पोतून उतरवायला आठ माणसं. पाणी बोअरचं. तीन महिन्यांत हीटर बंद. मिस्त्रीने कॉईल काढून दाखवली तर चुन्यात बुडवून काढल्यासारखी पांढरी, बोटाएवढी जाड. बदलली. पुन्हा तेच. मग टँकर मागवायला लागलो तेव्हा सासरे म्हणाले, बागेला पाणी नाही आणि तुम्ही डुंबा.

आणि खरी गंमत सांगू? थंडीत बसायचं म्हणून घेतला ना. निफाडची थंडी माहितीये सगळ्यांना. ज्या रात्री पारा उतरतो त्या रात्री आम्ही सगळे बागेत शेकोट्या पेटवत, पाणी सोडत हिंडत असतो, द्राक्षाचे मणी तडकू नयेत म्हणून. टबात कोण बसणार? दोन हिवाळ्यांत चार वेळा वापरला. आता त्यात शेततळ्याचा जादा पाइप गुंडाळून ठेवलाय.

कोथिंबीर:
घंगाळावरून आठवलं, आमच्या आईने बंब मोडीत दिला २००३ साली. किलोवर. अजून रडू येतं. परवा भांडी बाजारात किंमत विचारली नव्या तांब्याच्या बंबाची, परत फोन खिशात ठेवला आणि निघाले.

ओसरी:
अगं नको आठवण करून देऊस. आमचाही तसाच गेला. घंगाळ राहिलंय, त्यात मनीप्लांट आहे 😐

परतपाखरू:
न्यू जर्सीला होतो तेव्हा शेजाऱ्याकडून जुना घेतला होता, जवळजवळ फुकट. फुकट का ते नंतर कळलं. गळत होता. या टबांचे सगळे पाइप फोममध्ये पुरलेले असतात, गळती एका जागी, पाणी बाहेर येतं भलतीकडे. आठवडाभर सुरीने फोम कोरत बसलो, आत उंदराचं घरटं सापडलं, गळती शेवटपर्यंत नाही.

दुसरं, टब अमेरिकेहून आलेला असेल तर मोटरवरची पाटी वाचा. ६० हर्ट्झची असेल तर आपल्या ५० वर हळू फिरते आणि तापते. ११०-१२० व्होल्टचा असेल तर नादच सोडा.

सातपूरचा फिटर:
+१. आणि अर्थिंग. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लगेच वीज तोडणारा स्विच) नसेल तर पाण्यात पाय घालू नका. यात चेष्टा नाही.

रात्रपाळी:
ड्यूटीवरून घाईत लिहितेय. बंद पडलेल्या टबाच्या पाइपात बुळबुळीत थर धरतो, वरून कितीही घासा. कोमट साचलेल्या पाण्यात लेजिओनेलासारखे जंतू वाढतात, जेट सुरू केले की तुषारांतून श्वासात. जास्त क्लोरीन टाकून सगळे जेट चालवायचे, पाणी सोडायचं, परत भरायचं. पीएच ७.२ ते ७.८ मध्ये, पट्टी मिळते. पाणी ४० अंशांच्या वर कधीच नको. गरोदर बाई, बीपीच्या गोळ्या घेणारे यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. सासूबाईंना गोळ्या आहेत का? बेल वाजली, जाते

कट्ट्यावरचा:
लाईट बिलाचं कोणी बोललंच नाही. १२०० लिटर २० वरून ३८ अंशांवर न्यायचे तर २५ युनिट, नुसते एकदा तापवायला. ३ किलोवॉटचा हीटर आठ-साडेआठ तास घेणार. झाकण फाटकं असेल तर विचारूच नका. एवढ्यात सहकुटुंब वज्रेश्वरीला जाऊन याल, कुंड गरमच असतात.

द्राक्षवाली:
वज्रेश्वरीहून येताना कसाऱ्याच्या घाटात आमची गाडी बंद पडली होती, ती वेगळीच कथा आहे.

मिसळप्रेमी:
सांगा की

ओसरी:
थांबा, आधी माझं. आज परत जाऊन आलो. म्हटलं, पाणी भरून, सुरू करून दाखवा, दोन तास बसते इथेच. तो माणूस म्हणतो, "मोटर एकदम ओके आहे ताई, फक्त पाणी भरू नका." मी दोनदा विचारलं, बरोबर ऐकलं ना. शेवटी टँकरचे पैसे मी देते म्हटल्यावर भरला. कडेला पेन्सिलीने खूण केली. तासाभरात पाणी खुणेच्या चार बोटं खाली, आणि शेवग्याच्या बुंध्याशी चिखल. लगेच ४० वर आला. मग २५.

परतपाखरू:
आणखी एक तास थांबला असतात तर त्यानेच पैसे दिले असते.

कोथिंबीर:
मग घेतला का???

ओसरी:
खुर्च्या घेतल्या. चार. एक डुगडुगते.

मिसळप्रेमी:
आणि बेडूक?

ओसरी:
टँकरचं पाणी आल्यावर उडी मारून गेला. त्याला आधीच कळलं होतं.

कोणी सांगेल का, नाशकात बंबफोड, म्हणजे बंबात घालायची फोडलेली लाकडं, अजून मिळते का कुठे? वखारीत विचारलं तर तिथला मुलगा म्हणाला, "कशाचे फोटो?"