लांब पल्ल्याचा ट्रक चालवताना दिवसाची घडी कशी बसवावी?

नवा पल्ला

नमस्कार. गेली सहा वर्षे मी शहराच्या परिसरात माल पोहोचवणारी लहान गाडी चालवतो आहे. सकाळी निघायचे आणि रात्री घरी परतायचे, ही सवय माझ्या शरीराला आणि घरालाही लागली आहे. पुढील महिन्यापासून मला लांब पल्ल्याच्या ट्रेलरवर काम मिळणार असून एका फेरीला आठ ते दहा दिवस लागतील, असे सांगण्यात आले आहे. अवजड वाहनाचा परवाना आणि प्रशिक्षण माझ्याकडे आहे. ट्रेलर मागे घेणे किंवा अरुंद जागेत वळवणे याचे दडपण आता वाटत नाही. मला काळजी वाटते ती स्टिअरिंगवरच्या तासांपेक्षा उरलेल्या तासांची. झोपायचे केव्हा आणि कोठे, माल भरताना किंवा उतरवताना तासन्‌तास थांबावे लागले तर त्या वेळेचे काय करायचे, आणि इतके दिवस बसून काढल्यावर शरीराची काळजी कशी घ्यायची, हे मला समजून घ्यायचे आहे. याच व्यवसायात असलेल्या एका नातेवाइकांनी सांगितले की पहिल्या वर्षी झोप विसरायचीच असते, नंतर अंगवळणी पडते. हे खरोखरच अपरिहार्य आहे का? माझी मुलगी चार वर्षांची आहे, आणि हा प्रश्न मी तिचाही विचार करून विचारत आहे.

जुना सारथी

नातेवाइकांचा तो सल्ला कृपया मनातून काढून टाका. मी तेवीस वर्षे लांब पल्ल्याच्या गाड्या चालवल्या. दिवसाची आखणी किलोमीटरपासून सुरू केली की ती फसते आणि झोपेपासून सुरू केली की बहुधा टिकते, असा माझा अनुभव आहे. निघण्यापूर्वी मी आधी हे ठरवत असे की आज कोणत्या वेळी आणि कोणत्या ठिकाणी मी आडवा होणार. मधले अंतर त्यानंतर मोजायचे. अंतर बसत नसेल तर कार्यालयाला तेव्हाच कळवायचे, कारण निघताना कळवलेला उशीर हे नियोजन असते, तर मध्यरात्री कळवलेला उशीर ही तक्रार ठरते.

झोप न मिळणे अंगवळणी पडत नाही. अंगवळणी पडते ते झोप कमी पडल्याचे न जाणवणे, आणि धोका नेमका तोच आहे. ड्रू डॉसन आणि कॅथरिन रीड या संशोधकांनी १९९७ साली ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात असे दिसले की सलग सतरा तास जागलेल्या माणसाची हात आणि डोळे यांचा मेळ घालण्याची क्षमता रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी खालावते, आणि चोवीस तास जागल्यावर ती ०.१० टक्के मद्याच्या पातळीला जाते. ताशी ८० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात २२ मीटर पुढे सरकते. चार सेकंदांची डुलकी लागली तर जवळजवळ ९० मीटर रस्ता मागे पडतो, आणि त्या वेळात स्टिअरिंगवर बसलेला माणूस तेथे नसल्यासारखाच असतो.

हे मी केवळ वाचून लिहीत नाही. नोकरीच्या नवव्या वर्षी पहाटे साडेतीनच्या सुमारास रस्त्याच्या कडेच्या खडबडीत पट्ट्यांवर चाके गेली, आणि त्या आवाजाने मी जागा झालो. त्याआधीचे एक मोठे वळण मी कसे घेतले, हे मला आजही आठवत नाही. आदल्या दिवशी माल उतरवण्याच्या ठिकाणी मला नऊ तास ताटकळत ठेवले होते, आणि तो वेळ मी माझ्या झोपेतून भरून काढत होतो. पहाटे दोन ते पाच या वेळेत शरीराची सावधता सर्वांत खाली जाते. दुपारी दोन ते चारच्या दरम्यान त्याहून सौम्य अशी आणखी एक ग्लानी येते. शक्य असेल तेव्हा पहाटेची ती वेळ झोपेतच घालवा. त्या दिवसानंतर मी हा नियम फार क्वचित मोडला.

झोपेची जागा निवडणे हेही कामाचेच अंग समजा. मुक्कामाच्या जागा संध्याकाळी लवकर भरतात, म्हणून थांबायच्या वेळेच्या दीड-दोन तास आधीपासूनच शोध सुरू करावा. थकलेल्या अवस्थेत जागा शोधत फिरणे हे त्या दिवसातले सर्वांत वाईट ड्रायव्हिंग असते. शीतपेटीच्या गाडीशेजारी उभे राहू नका, कारण तिचे यंत्र रात्रभर चालू-बंद होत राहते आणि दर वेळी झोप मोडते. गाडी सपाट जागी उभी करा. उतार असलाच तर डोके चढाच्या बाजूला येईल असे झोपा. पडदे जाड असावेत. आणि कितीही थंडी असली तरी बंद केबिनमध्ये शेगडी किंवा निखारे ठेवू नका; त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, त्यामुळे झोपलेल्या माणसाला काहीच कळत नाही.

सकाळची गाडीभोवतीची फेरी मी कधीही टाळली नाही. नवे चालक बाहेरचा टायर पाहतात आणि जोडीतला आतला विसरतात; आतल्या टायरची हवा गेली असली तरी बाहेरचा त्याला उचलून धरतो, आणि मग दुप्पट भार घेऊन तोही फुटतो. हवा टायर थंड असतानाच मोजावी. चाकाच्या नटापासून बाहेर गंजाची रेघ ओघळलेली दिसली तर तो नट सैल झाला आहे असे समजून तपासा. दिवसा प्रत्येक थांब्यावर हाताची मागची बाजू चाकाच्या मध्याजवळ न टेकवता धरून पाहा; सर्व चाके सारखी कोमट असतील तर ठीक, पण एकच चाक तापलेले असेल तर तेथे ब्रेक चिकटला आहे किंवा बेअरिंग जात आहे. माल भरून निघाल्यावर पहिल्या पन्नास-साठ किलोमीटरनंतर थांबून ताडपत्री आणि पट्टे पुन्हा आवळा, कारण हादऱ्यांनी माल बसतो आणि सकाळी घट्ट असलेला पट्टा ढिला पडतो.

लहान गाडीवरून येणाऱ्यांसाठी घाटाबद्दल एवढेच सांगतो की उतार लागण्यापूर्वीच खालचा गिअर टाका आणि इंजिनला गाडी धरू द्या. सतत ब्रेकवर पाय ठेवून उतरल्यास ड्रम तापतात, आणि तापलेला ब्रेक धरत नाही. इंधन वाचवण्यासाठी उतारावर न्यूट्रल करणारे लोक तुम्हाला भेटतील. त्यांचे ऐकू नका.

वेळापत्रक

मी चालक नाही. मालवाहतूक कार्यालयात फेऱ्या लावण्याचे काम अकरा वर्षे केले आहे, त्यामुळे थांबण्याच्या वेळेविषयी दुसऱ्या बाजूने लिहितो.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९७९ साली संमत केलेल्या १५३ क्रमांकाच्या करारात रस्ता वाहतुकीतील चालकासाठी मर्यादा घातली आहे: सलग चार तासांनंतर विश्रांती, दिवसाला जास्तीत जास्त नऊ तास आणि आठवड्याला ४८ तास ड्रायव्हिंग, आणि चोवीस तासांत सलग किमान दहा तास विश्रांती, असे तिचे साधारण स्वरूप आहे. युरोपीय संघाच्या २००६ च्या नियमांत साडेचार तासांनंतर ४५ मिनिटांची विश्रांती सक्तीची असून दिवसाचे ड्रायव्हिंग नऊ तासांचे असते, आठवड्यातून दोनदा ते दहा तासांपर्यंत नेता येते. अमेरिकेत सलग दहा तासांच्या विश्रांतीनंतर अकरा तास गाडी चालवता येते, परंतु ती काम सुरू केल्यापासूनच्या चौदा तासांच्या आतच.

हा चौदा तासांचा नियम मुद्दाम सांगितला. त्याचे घड्याळ एकदा सुरू झाले की माल भरण्याच्या रांगेतही ते सहसा थांबत नाही. चालक पाच तास फाटकाबाहेर उभा राहिला तर त्याच्या हातात उरलेला वेळ तेवढाच आक्रसतो, आणि मोबदला किलोमीटरवर मिळत असेल तर त्या पाच तासांचे पैसेही बहुतेकदा मिळत नाहीत. चालक मग वेगाने किंवा विश्रांती चुकवून ती भरपाई करतो, आणि अपघात झाल्यावर सगळे बोट त्याच्याकडे दाखवतात. ज्यांनी त्याला थांबवले त्यांची नोंद कोठेच नसते, हे मी कार्यालयात बसून पुन्हा पुन्हा पाहिले आहे, आणि ते मला अन्यायाचे वाटते.

म्हणून ती नोंद तुम्ही स्वतः ठेवा. पोहोचल्याची वेळ, आत घेतल्याची वेळ, काम सुरू झाल्याची आणि संपल्याची वेळ, या चारही वेळा पोचपावतीवर लिहून तेथल्या माणसाची सही घ्या. सही देण्यास नकार मिळाला तर त्याच क्षणी फाटकाचा फोटो काढून कार्यालयाला संदेश पाठवा, म्हणजे वेळ आपोआप नोंदली जाते. दोन तास उलटताच पुढच्या ठिकाणी पोहोचण्याची सुधारित वेळ मागून घ्या. फेरी लावणाऱ्या माणसाला दुपारी दोन वाजता हे कळले तर तो पुढच्या ग्राहकाशी बोलू शकतो. रात्री अकराला कळले तर त्याच्याही हातात काही उरत नाही. रांगेत असताना झोप मिळाली तर जरूर घ्या, पण दर वीस मिनिटांनी गाडी पुढे सरकवावी लागत असेल तर तिला झोप मानू नका. आणि नोंदवहीत खोटी वेळ लिहिण्याची सूचना कोणी दिली, तर ती लेखी मागा. बहुतेक वेळा ती सूचना तेथेच थांबते.

स्टेपनी

मी सात वर्षे ट्रेलर चालवते. शरीराविषयी थोडे लिहिते, कारण ते सर्वांत उशिरा आठवते.

पाणी कमी पिऊ नका. स्वच्छतागृह मिळणार नाही या धास्तीने आम्ही स्त्रिया तर दिवस दिवस पाणी टाळतो, पण पुरुष चालकही वेळ वाचवण्यासाठी तेच करतात, आणि मग मूतखडा आणि मूत्रमार्गाचा संसर्ग हे व्यवसायाचे आजार होऊन बसतात. मला दुसऱ्या वर्षी रस्त्यातच रुग्णालयात दाखल व्हावे लागले, तेव्हापासून माझे थांबे डिझेलवर नव्हे, तर स्वच्छतागृहांवर ठरतात.

केबिनमधून उडी मारून उतरू नका. दोन हात आणि एक पाय, किंवा दोन पाय आणि एक हात, असे तीन आधार कायम ठेवून, तोंड गाडीकडे करून उतरा. दिवसातून वीस वेळा मारलेली उडी गुडघे लक्षात ठेवतात. चार तास कंप सहन केलेल्या पाठीने लगेच जड वस्तू उचलणेही टाळा. आधी पाच-दहा मिनिटे चाला.

आणखी एक गोष्ट कोणी सांगत नाही. दाराच्या काचेतून अतिनील किरणांचा एक प्रकार आत येतो. ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये २०१२ साली एका ६९ वर्षांच्या गृहस्थांचे छायाचित्र छापले होते, ज्यांनी अठ्ठावीस वर्षे ट्रक चालवला होता. खिडकीकडच्या बाजूचा त्यांचा अर्धा चेहरा दुसऱ्या अर्ध्यापेक्षा कितीतरी अधिक सुरकुतलेला आणि जाड झालेला आहे. ते छायाचित्र पाहिल्यापासून मी त्या बाजूला लांब बाही आणि मलम दोन्ही वापरते.

झोप पूर्ण होऊनही दिवसभर गुंगी राहत असेल, किंवा घरचे लोक तुम्ही फार घोरता असे सांगत असतील, तर झोपेतील श्वासरोधाची तपासणी अवश्य करून घ्या. त्यावर उपचार होतात. परवाना जाईल या भीतीने हे लपवणारे सहकारी मी पाहिले आहेत, आणि त्यांच्याविषयी मला मनापासून काळजी वाटते.

नवा पल्ला

सर्वांचे मनःपूर्वक आभार. पोचपावतीवर चार वेळा लिहिण्याची गोष्ट मी आजच वहीत टिपून ठेवली. दोन शंका उरल्या आहेत. सर्व काळजी घेऊनही मध्येच झोप आली आणि मुक्कामाची जागा अजून तासभर दूर असली, तर नेमके काय करावे? आणि इतके दिवस बाहेर असताना लहान मुलांशी संपर्क आपण कसा ठेवलात?

जुना सारथी

झोप आली तर तासभर पुढे जायचे नाही. जवळची पहिली सुरक्षित जागा, मग ती इंधनाचा पंप असो वा वजनकाट्याचे आवार, हीच त्या वेळची मुक्कामाची जागा. मात्र रस्त्याच्या कडेला, चालू वाहतुकीला लागून थांबू नका. खिडकी उघडणे, मोठ्याने गाणी लावणे किंवा तोंडावर पाणी मारणे यांनी काही मिनिटे बरे वाटते, पण झोप तेथेच असते. कॉफी किंवा कडक चहा घेऊन लगेच पंधरा ते वीस मिनिटे डोळे मिटा. त्यातील उत्तेजक घटकाचा परिणाम जाणवायला साधारण तेवढाच वेळ लागतो, त्यामुळे उठताना दोन्हींचा लाभ एकदम मिळतो. डुलकी अर्ध्या तासापेक्षा लांबली तर उठल्यावर डोके जड राहते. अशा वेळी दहा-पंधरा मिनिटे चालून मगच गाडी सुरू करा. हा उपाय पुढच्या मुक्कामापर्यंत पोहोचण्यापुरता आहे, रात्र काढण्यासाठी नाही.

मुलीसाठी फोनची एकच वेळ ठरवा, आणि ती गाडी उभी असतानाचीच असू द्या. माझा मुलगा लहान असताना मी केव्हाही फोन करत असे, आणि मग तो दिवसभर वाट पाहत बसे, असे पत्नीने फार उशिरा सांगितले. परतीचा दिवस सांगताना कार्यालयाने दिलेल्या तारखेत एक दिवस मिळवून सांगा. मी अनेक वर्षे कार्यालयाची तारीख जशीच्या तशी सांगितली, आणि अनेक वर्षे तो दाराशी बसून राहिला. घरी पोहोचल्यावरची पहिली रात्र मात्र स्वतःच्या झोपेसाठी राखून ठेवा आणि हे घरच्यांना आधीच सांगा. दुसरा दिवस सकाळपासून मुलीचा.