नावं ग्रुपवर टाकून काही होत नाही

ओला-सुका कचरा वेगळा न करणाऱ्यांची नावं सोसायटीच्या ग्रुपवर टाका म्हणताय, पण आमच्या सोसायटीत हे करून झालंय, दोन दिवस भांडणं झाली आणि ज्याचं नाव टाकलं तो माणूस आता रात्री ११ नंतर पिशवी जिन्यात ठेवून जातो, म्हणजे आधी कचरा निदान डब्यात तरी पडत होता! फरक पडला तो वेगळ्याच गोष्टीने. मिक्स कचरा उचलायचाच नाही, दारातच राहू द्यायचा असं कमिटीने ठरवलं आणि कचरा नेणाऱ्या मावशींना तसं लेखी दिलं, नाहीतर बोलणी त्यांनाच खावी लागतात. ओला कचरा दुसऱ्या दिवशी स्वतःच्याच दारात वास मारायला लागला की माणूस बरोबर वठणीवर येतो. दंड लावायचा तर आधी मीटिंगमध्ये ठराव करून घ्या, नाहीतर कुणी भरत नाही. आणि हो, नवीन भाडेकरूंना बऱ्याचदा कुणी काही सांगितलेलंच नसतं, त्यांच्यावर लगेच डाफरू नका. फुटलेली काच आणि वापरलेले पॅड मात्र कागदात गुंडाळून वेगळेच द्यायचे, तिथे सूट नाही, मावशी हाताने वेगळं करतात हो. मोबाईलच्या जुन्या बॅटऱ्या तर डब्यात नकोतच, दाबल्या गेल्या की पेट घेऊ शकतात.