धागा: पंचायत, नगरपरिषद, झेडपीतली पहिली प्रोग्रामिंगची नोकरी – कोकणातले अनुभव

आमच्या वाडीतली एक मुलगी बीसीए होऊन पुढच्या महिन्यात कंत्राटी प्रोग्रामर म्हणून रुजू होते आहे. परवा तिने विचारलं, "दादा, तिथे नेमकं काय करायचं असतं?" दोन वाक्यांत सांगता येईना. ज्यांनी हे काम केलंय त्यांनी मोकळेपणाने लिहा. सुरुवात मी करतो.

मी सिंधुदुर्गात होतो. पहिलं काम घरपट्टीचं, म्हणजे नमुना ८ ची आकारणी नोंदवही आणि नमुना ९ ची मागणी नोंदवही संगणकावर आणायची. कॉलेजात शिकलो तसं डेटाबेसमध्ये टेबल (माहितीचा तक्ता) केलं: एक घर, एक मालक. नोंदवही उघडली तर एकेका घराला पाच-सात नावं. भाऊबंदांचं सामाईक घर, निम्मे मुंबईला, दोघे मयत, वारसनोंद झालेली नाही, आणि भोगवटादाराच्या रकान्यात तिसरंच नाव. माझ्या टेबलात मावेना म्हणून मी पहिलं नाव ठेवलं आणि पुढे 'व इतर ४' असं केलं. कुणी हरकत घेतली नाही, पावत्या छापून गेल्या.

महिन्याभराने एक आजी पावती घेऊन आल्या. म्हणाल्या, "झिला, माजा नाव खंय गेला?" नवऱ्यामागे त्याच घरात राहणाऱ्या, पट्टी दरवर्षी स्वतः भरणाऱ्या. वहीत त्यांचं नाव तिसरं होतं, माझ्या पावतीवर त्या 'इतर' झाल्या होत्या. घरपट्टीची पावती म्हणजे मालकीहक्क नव्हे, हे कायद्याने खरं. पण त्या बाईंकडे आपलं नाव असलेला सरकारी कागद तेवढाच होता. त्या रात्री मालकांचं वेगळं टेबल केलं आणि पुढचे तीन आठवडे वह्या समोर ठेवून सगळी नावं परत भरली. त्यातल्या एकाही तासाचं मला वाईट वाटत नाही.

गुहागरकर

माझा अनुभव एका अक्षराचा. जन्म-मृत्यू नोंदीत शोध घ्यायची सोय मी केली होती. 'गोऱ्हे' आडनाव टाकलं की काही नोंदी सापडत, काही नाहीत. पडद्यावर दोन्हीकडे अक्षरं अगदी सारखी. चार दिवस गेले. शेवटी एकेक अक्षराचा संकेतांक, म्हणजे संगणक ते अक्षर ज्या आकड्याने ओळखतो तो, छापून बघितला. एका ऑपरेटरने वेगळा ऱ वापरला होता, दुसऱ्याने साधा र, हलन्त आणि पुढे न दिसणारा जोडक. संगणकाला ही दोन वेगळी आडनावं! सुऱ्या, पऱ्ह्या, कऱ्हाडे सगळीकडे तेच. साठवण्यापूर्वी दोन्ही रूपं एक करून घ्यायला लागलो तेव्हा शोध नीट चालला. त्यात जुना मजकूर 'सुरेख' फॉन्टमधला, तो युनिकोडमध्ये (सगळीकडे चालणाऱ्या प्रमाण संकेतांकांत) आणताना पहिली वेलांटी भलत्याच अक्षरावर जाऊन बसायची. मराठी नाव हाताळणाऱ्याने हे पहिल्याच आठवड्यात तपासावं, असं माझं ठाम मत आहे.

वाशिष्ठीकाठची

२२ जुलै २०२१ ला मी चिपळुणात एका कार्यालयात होते, नोकरीला आठ महिने झालेले. तळमजल्यावरचे सगळे सीपीयू पाण्याखाली. बॅकअप मीच रोज घेत होते, पण ती हार्डडिस्क त्याच खोलीत, त्याच कपाटात. गाळातून काढली तेव्हा हातात चिखलच आला.

त्यानंतर मदतीच्या याद्या आल्या. पंचनाम्याचे कागद ओले, अक्षर पुसट, आणि खात्यात पैसे जाईनात. बँकेच्या शाखेचा आयएफएससी कोड अकरा अक्षरांचा, त्यात पाचवं कायम शून्य. लोकांनी आणि आम्हीही तिथे इंग्रजी ओ लिहिलेला. शिवाय बँकांची विलीनीकरणं होऊन गेलेली, जुन्या पासबुकावरचे कोड बाद झालेले. मी दहा ओळींची तपासणी लिहिली: लांबी किती, पाचवं अक्षर कोणतं, शाखा यादीत आहे का. ज्या नावांपुढे लाल खूण आली त्यांना एकेक फोन केला. एका माणसाच्या घरात भिंतींशिवाय काही उरलं नव्हतं, तो मला म्हणाला, "ताई, तुम्ही जेवलात का?" आजही तपासणी लिहिताना तो आवाज कानात असतो.

बॅकअपची एक प्रत आता दुसऱ्या गावात असते.

लांजेकर

नगरपरिषदेच्या मालमत्ता कराच्या थकबाकीवर दरमहा २ टक्के शास्ती, म्हणजे दंड, लागते. मी ती दर महिन्याला बाकीत मिळवून पुढची काढत होतो. आमच्या करविभागातल्या लिपिक काकांनी कॅल्क्युलेटर काढला आणि वहीच्या मागच्या पानावर मांडून दाखवलं: ५,००० रुपये बाकी, बारा महिने, शास्ती १,२०० व्हायला हवी, तुझी १,३४१ का? चक्रवाढ झाली होती. बिलं छापायला जायच्या आदल्या संध्याकाळी हे सापडलं. काकांना माउस नीट धरता येत नव्हता. तरी माझ्या कामाचे खरे परीक्षक तेच. तेव्हापासून हिशोबाचं काहीही आधी त्यांच्या टेबलावर.

सड्यावरून

पगाराचंही लिहायला हवं. ११ महिन्यांचा करार, मध्ये एजन्सी, मानधन कधी दोन-दोन महिने थकलेलं. रुजू होणाऱ्या मुलीने कराराची प्रत आणि भविष्यनिर्वाह निधीचा क्रमांक पहिल्याच दिवशी मागून घ्यावा. लाजू नये.

देवरुखची

एक्सेलमध्ये मराठी आकडे टाकलेल्या फाइली येतील. त्यांची बेरीज शून्य येते, कारण एक्सेल त्यांना अक्षरं समजतं. ग्रामसेवक (आता ग्रामपंचायत अधिकारी) भाऊ घाबरून फोन करतात, आधी हेच बघ.

मालवणी झील

आमच्याकडे पट्टी भरायचा खरा हंगाम गणपती. चाकरमानी चार दिवस येतो, त्यातच भरतो. आणि नेमकं तेव्हाच पाऊस, लाईट जाते, रेंज जाते. पहिल्या वर्षी माझा प्रोग्राम सर्व्हरशी जोडला गेल्याशिवाय पावतीच देत नव्हता. पंचायतीबाहेर छत्र्या घेऊन रांग उभी, त्यातल्या एकाला संध्याकाळची गाडी होती. शिपाईमामांनी शेवटी जुनं पावतीपुस्तक आणि कार्बन काढला आणि मेणबत्तीच्या उजेडात रांग संपवली.

पुढच्या गणपतीआधी मी पावती तिथल्याच संगणकावर तयार होऊन रेंज आल्यावर वर जाईल असं केलं. क्रमांक दुबार होऊ नयेत म्हणून प्रत्येक पंचायतीला वेगळी मालिका दिली. इन्व्हर्टरवर प्रिंटर चालला. मामांनी तरीही कार्बनचं पुस्तक टेबलाच्या खणात ठेवलंय, आणि मी ते काढायला सांगितलेलं नाही.